पाऊस थांबल्यापासून दिवाळीपर्यंत पुण्याच्या आसपास कोणते पक्षी बघावेत, आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोथरूडला राहता. दुर्बीण यंदाच घेतलीत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे चारला निघून उजनी धरणाकाठच्या भिगवणला गेलात, तर रोहित (फ्लेमिंगो) एकही नाही, बदकं अगदी तुरळक, आणि नावाडी म्हणाला, "साहेब, डिसेंबरात या." आता विचारताय की पाऊस थांबल्यापासून थंडी पडेपर्यंत पुण्यात आणि आसपास बघण्यासारखं काही असतं का, असलं तर कुठे जावं. शिवाय गेल्या आठवड्यापासून गच्चीच्या कठड्यावर येऊन शेपूट थरथरवणारा तो मातकट पक्षी कोण?

शेवटचं आधी सांगतो, कारण बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं. तो कृष्ण थिरथिरा, आणि तुमच्या वर्णनावरून मादी. नर असता तर डोकं, गळा आणि छाती काळी दिसली असती, पोट तांबूस-नारिंगी. मादी सगळी मातकट, पोटाखाली फिकट नारिंगी झाक. दोघांचीही शेपूट विटकरी असते आणि बसल्या जागी सारखी थरथरते, त्यावरूनच हे नाव पडलं. आकार चिमणीएवढा. हा पक्षी उन्हाळ्यात हिमालयात, तिबेटात, मध्य आशियाच्या खडकाळ डोंगरांत घरटी करतो आणि सप्टेंबरअखेरीपासून आपल्याकडे उतरू लागतो. खडकांची सवय असल्यामुळे त्याला इमारतींच्या गच्च्या, बांधकामाचे ढिगारे, पाण्याच्या टाक्या परक्या वाटत नाहीत. म्हणजे तुम्ही भिगवणहून रिकाम्या हाताने परतलात त्याच सुमारास हजाराहून जास्त किलोमीटर उडून आलेला एक पाहुणा तुमच्या कठड्यावर बसला होता.

माझं सांगणं एवढंच आहे की या दोन-अडीच महिन्यांत लांब पळू नका. घराजवळची एक जागा धरा आणि आठवड्यातून निदान दोनदा तिथे जा. हिवाळ्यात पक्षी येऊन स्थिरावलेले असतात, तेव्हा ठिकाणाला महत्त्व असतं. आत्ता सगळे वाटेवर आहेत. कोणी येतंय, कोणी जातंय, कोणी दोन दिवस थांबून पुढे निघालंय. आज दिसलेला पक्षी परवा नसतो. त्यामुळे या ऋतूत 'कुठे'पेक्षा 'कोणत्या तारखेला' हे जास्त महत्त्वाचं. मी वेताळ टेकडीवर तीसेक वर्षं जातोय, आणि माझ्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त पानं याच दिवसांची आहेत.

पण आधी भिगवणचा विषय संपवू, नाहीतर मनात खंत राहील. उजनीचा जलाशय ११७ टीएमसीचा, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचा आहे. मुळा-मुठा, इंद्रायणी, भामा, घोड या सगळ्यांचं पाणी भीमेतून तिथे जाऊन थांबतं. पाऊस बरा झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय काठोकाठ भरलेला असतो. रोहित पाण्यात उभा राहून मान खाली वाकवतो, चोच उलटी करतो आणि चिखलमिश्रित पाण्यातले बारीक जीव नि शेवाळ गाळून खातो. त्यासाठी त्याला घोट्या-गुडघ्याएवढं पाणी लागतं. भरलेल्या धरणाच्या काठाला एकदम खोली असते, तिथे तो पाय टेकणार कुठे? पुढे शेतीसाठी पाणी सुटायला लागतं, काठ मागे सरकतो, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला गाळाचे सपाट पट्टे उघडे पडतात, आणि मग रोहित, पाणटिवळे, शेकाटे, सुरय सगळे जमतात. पट्टकदंब (बार-हेडेड गूज) हेही डिसेंबरच्या आसपासच. म्हणून मी भिगवणला निघण्याआधी पेपरात उजनीचा साठा बघतो. नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रोहितांसाठी जात नाही. तुमच्या नावाड्याने खरं तेच सांगितलं. इतकं स्पष्ट सांगणारा माणूस भेटला आहे तर त्याचा नंबर जपून ठेवा, जानेवारीत त्याच्याच होडीतून जा.

आता आपल्या जवळचं.

आमच्या पिढीने हे वेळापत्रक सणांवर बसवून लक्षात ठेवलं. गणपतीत धोबी, नवरात्रात थिरथिरा आणि हळद्या, दसऱ्याला नीलपंख, दिवाळीत बदकं. तोंडी लक्षात ठेवायला ते फार सोपं आहे, पण वहीत मात्र इंग्रजी तारीखच लिहा. अधिक महिना आला की सण पुढे जातात, पक्षी जात नाहीत. २०२३ साली अधिक श्रावण होता, गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२५ साली ती २७ ऑगस्टला होती. मधल्या तीन आठवड्यांचा फरक धोब्याला ठाऊक नसतो. तो दिवसाच्या लांबीवर चालतो. २०२५च्या गणपतीत मुठेकाठी धोबी शोधणारे काही जण "यंदा आलाच नाही" म्हणत होते. बाप्पा लवकर आले होते, एवढंच.

हा धोबी म्हणजे करडा धोबी. पाठ करडी, पोट पिवळं, शेपूट अंगाच्या मानाने खूपच लांब आणि सतत वरखाली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो हमखास येतो. वाहत्या पाण्याजवळचे दगड त्याला आवडतात, पण वाटेवर असताना सोसायटीच्या आवारात, गाड्या धुतलेल्या ओल्या फरशीवरसुद्धा उतरतो. उडताना 'चिट्-चिट्' असा दोन ठोक्यांचा धारदार आवाज काढतो. तो आवाज एकदा कानात बसला की सकाळी दात घासताना खिडकीतूनही धोबी आल्याचं कळतं. वर्षभर इथे राहणारा काळा-पांढरा धोबी वेगळा, त्याला कवड्या म्हणतात, त्याच्याशी गल्लत करू नका. पांढरा आणि पिवळा धोबी थोडे मागाहून, ऑक्टोबरात येतात.

टेकडीवर जाल तेव्हा पहिल्यांदा जाणवेल ती शांतता. जून-जुलैत 'पेर्ते व्हा' म्हणून डोकं उठवणारा पावशा गप्प झालेला असतो. कोकीळ बंद. नाचण आणि शिंपी तेवढे बोलतात. नवख्याला वाटतं की पक्षी कमी झाले. खरं तर गाणारे थांबलेत आणि न गाणारे आलेत. आलेला पाहुणा गात नाही, त्याला इथे जोडीदार शोधायचा नाही. तो फक्त आपल्या हद्दीपुरतं एकेक अक्षर बोलतो. या ऋतूत ही अक्षरं ओळखायला शिका.

तीन आवाजांपासून सुरुवात करा. झुडपाच्या आत, दिसत काहीच नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने 'चक्... चक्' असा दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज येतो, तो ब्लिथचा बोरू वटवट्या. रंगाने मातकट, अंगावर एकही खूण नाही. पुण्यात सप्टेंबरपासून हा प्रत्येक घाणेरीच्या जाळीत असतो, आणि शंभरातल्या नव्वद लोकांनी त्याला कधीच पाहिलेलं नसतं. दुसरा आवाज झाडाच्या शेंड्यातून येतो, 'चिस्-वी', टोकाला जरा उचललेला. तो हिरवट पर्णवटवट्या, चिमणीहून लहान, भुवई फिकट, पंखावर एक पुसट रेघ. तिसरा ऑक्टोबरात येतो. सायकलचं चाक रिकामं फिरवल्यासारखा 'टर्रर्र', सावलीतल्या खालच्या फांदीवरून. ती लाल छातीची माशीमार. तिची शेपूट काळी, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके, आणि ती शेपूट मध्येच वर उचलते. लाल छाती फक्त मोठ्या नराला असते, बहुतेक वेळा ती दिसणार नाही. म्हणून आवाज आणि शेपूट धरून चाला.

आवाज ओळखणारं अॅप हल्ली सगळ्यांकडे असतं. वापरा, पण त्याने सुचवलेलं नाव वहीत लिहिण्याआधी पक्षी डोळ्यांनी बघा. टेकडीवर वाऱ्याचा आवाज, खालच्या रस्त्याची वाहतूक आणि सातभाईंचा कालवा यांतून ते कधीकधी असे पक्षी काढून दाखवतं की ते पुणे जिल्ह्यात कोणी पाहिलेले नाहीत.

सातभाईंवरून आठवलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सातभाईंचा थवा दिसला की घाईने पुढे जाऊ नका, थव्यातलं प्रत्येक तोंड बघा. एखादं पोर वेगळं दिसेल, लांब शेपटीचं, वरून मळकट काळपट, पंखावर फिकट डाग, आणि सातभाई त्याला अळ्या भरवत असतील. ते चातकाचं पिल्लू. चातक जूनमध्ये पावसाच्या पुढेमागे आफ्रिकेतून येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकतो आणि पाऊस सरताना परत निघतो. मोठे चातक आधी जातात. पिल्लू मागे राहतं, सातभाईंच्या हातचं खाऊन धष्टपुष्ट होतं, आणि एके दिवशी कोणी वाट न दाखवता एकटंच पश्चिमेला समुद्रापार निघतं. मी हे पिल्लू दरवर्षी शोधतो. त्याला शेवटचं पाहिलं ती तारीख मला पहिल्या धोब्याइतकीच महत्त्वाची वाटते, कारण जाण्याच्या नोंदी फार कमी लोक ठेवतात.

समुद्रापार जाणारे आणखी काही पाहुणे याच दिवसांत आपल्या डोक्यावरून जातात आणि टेकडीवर एखाददोन दिवस टेकतात. ठिपकेवाली माशीमार त्यातली एक. तपकिरी माशीमारीसारखीच दिसते, पण कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा असतात. तपकिरीची छाती साधी आणि डोळा मोठा, भोळा. तपकिरी थांबणारी आहे, ठिपकेवाली पुढे जाणारी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच तिची खिडकी उघडी असते, त्यानंतर नाही. तसाच काश्मिरी नीलपंख. आपला नेहमीचा नीलपंख दसऱ्याच्या सुमारास शेतांत, तारांवर दिसायला लागतो, आणि देशात बऱ्याच ठिकाणी दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. त्याची छाती तांबूस-तपकिरी असते. डोक्यापासून पोटापर्यंत सलग निळा दिसला तर थांबा, फोटो काढा, तारीख लिहा. तो मध्य आशियातून आफ्रिकेला निघालेला काश्मिरी नीलपंख आहे. सासवडच्या बाजूच्या माळावर, विजेच्या तारांवर तो शोधावा.

आणि नवरंग. हा ऑक्टोबरात उत्तर-मध्य भारतातून दक्षिणेकडे रात्रीचा प्रवास करतो. दिवसा बागांमध्ये पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे वेचतो. विद्यापीठाचं आवार, एम्प्रेस गार्डन, टेकडीच्या सावलीचे ओढे, कुठेही दिसू शकतो. रात्री उडताना काचांवर आपटून तो बाल्कनीत पडतो, तेव्हा लोक रंग बघून त्याला पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षी समजतात. तुमच्याकडे असा पडला तर त्याला पाणी पाजू नका, हाताळत बसू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासदोन तास ठेवा. बहुतेक वेळा तो सावरतो, मग झाडीजवळ खोकं उघडा. पंख लोंबत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

वेताळ टेकडीबद्दल एक सांगायला हवं. तिथली बरीचशी झाडी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) आहे, वन विभागाने लावलेली. तिच्यात किडे कमी, म्हणून पक्षी कमी. पक्षी शोधायचे तर मोकळ्या गवताचा माळ, बाभळी-बोरींचे पट्टे आणि खाणीतल्या पाण्याचा काठ धरा. खाणीच्या कड्यावर सकाळी साडेसहापासून आठपर्यंत बसा. फिरू नका, बसा. त्या दीड तासात भिंगऱ्या, वेडे राघू (पोपट नव्हेत), धोबी, हळद्या डोळ्यांसमोरून जातात. सप्टेंबरअखेरीला निळ्या शेपटीच्या राघूंचे थवे उंचावरून 'प्रीप-प्रीप' करत जातात. त्याच दिवसांत माळावर चतुरांचे ढगच्या ढग तरंगत असतात. ते दिसले की वर बघत राहा, चतुरांच्या मागोमाग शिकारी असतात.

कवडीपाटाला तुम्ही गेला नसाल असं दिसतंय. सोलापूर रस्त्याने हडपसर सोडून पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा आहे तो. बंधाऱ्यामुळे वर साठलेलं पाणी आणि खाली खडकांतून वाहणारं उथळ पाणी असं दोन्ही एकाच जागी मिळतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून तिथे चक्रवाक येतात. नारिंगी अंग, फिकट डोकं, जोडीने फिरणारे, आणि त्यांची 'आँग-आँग' अशी हाक पाण्यावरून लांबवर जाते. तुतवारांमध्ये छोटा तुतवार तर ऑगस्टमध्येच आलेला असतो, दगडावर बूड हलवत उभा असतो. हिरवा आणि ठिपकेवाला तुतवार मागोमाग. शेकाटे, हळदीकुंकू बदकं, पांढरे शराटी आणि मोरशराटी, चित्रबलाक, नदी सुरय, असं बरंच काही. एका सकाळी पन्नासेक जाती मोजणं तिथे अवघड नाही. थोडा धीर धरलात तर कैकर हा शिकारी पक्षी मासा पकडताना दिसेल.

कवडीला मी आजही जातो, पण जाताना मन जड होतं, आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी घेऊन नदी तिथे पोहोचते. पावसाळ्यानंतर बंधाऱ्यावर प्लास्टिकचा थर अडकलेला असतो. पाणी पडतं तिथे पांढऱ्या फेसाचे डोंगर उठतात. त्या फेसात शेकाटे उभे असतात, आणि फोटोत ते बर्फासारखं सुंदर दिसतं. एवढे पक्षी आहेत म्हणजे नदी ठीक असणार, असा अर्थ काढू नका. मैल्यामुळे पाण्यात अळ्या आणि किडे वाढतात, ते खाणारे शेकाटे आणि धोबी वाढतात. मासे खाणारे, स्वच्छ उथळ पाणी लागणारे पक्षी घटतात. म्हणून कवडीला मी एकूण आकडा लिहीत नाही, जातवार लिहितो. शेकाटे किती आणि नदी सुरय किती, या दोन आकड्यांतला फरक मला तिथल्या पाण्याबद्दल जास्त सांगतो. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं, म्हणजे जानेवारीत तुम्ही ज्या रोहितांचा फोटो काढाल ते उभे असतात आपल्याच पाण्यात.

पाषाण तलावाची अवस्था जलपर्णीने अवघड केली आहे. घराजवळ असल्यामुळे तुम्ही जालच. जांभळी पाणकोंबडी, वंचक, खंड्या दिसतील, पण बदकांची अपेक्षा ठेवू नका.

बदकं ओळखायची असतील तर या ऋतूतली मोठी अडचण आधीच सांगतो. पुस्तकात नराचे भडक रंग छापलेले असतात. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरणारे नर त्या वेशात नसतात. घरटी झाल्यावर त्यांनी पिसं टाकलेली असतात आणि ते माद्यांसारखे तपकिरी दिसतात. सगळा थवा एकसारखा मातकट. अशा वेळी रंग सोडून द्या, आकार बघा. चोच फावड्यासारखी रुंद असेल तर थापट्या. मान लांब, शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक. लहान अंग, डोळ्यावरून फिकट पट्टा आणि चोचीच्या मुळाशी फिकट डाग असेल तर भुवई बदक, आणि बदकांमध्ये सर्वांत आधी येतं ते हेच. दिवाळीनंतर नर हळूहळू रंगात येतात. इथले राहणारे पक्षी मात्र याच सुमारास उलटे जातात. सुगरण नराचं पिवळं डोकं मावळतं, गायबगळ्याचा केशरी रंग उतरतो, कमळपक्ष्याची लांब शेपूट गळते. एकाच तळ्यावर एक जण कपडे उतरवतोय आणि दुसरा चढवतोय, हे बघायला मला तरी फार आवडतं.

एक पक्षी याला अपवाद. लाल मुनिया. पावसाळा संपताना तिचा नर ऐन रंगात असतो, लालभडक अंगावर पांढरे ठिपके. नदीकाठच्या पाणकणसात, उसाच्या बांधाला, ओलसर गवतात ऑक्टोबरात जोड्या सापडतात. हे दृश्य हिवाळ्यात मिळत नाही.

आता माळ. पुण्याच्या पूर्वेला आणि आग्नेयेला, दिवे घाट चढून सासवड, आणि पुढे सुप्याकडे, पाऊस कमी होत जातो नि झाडी सरून गवत लागतं. सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. पण पक्ष्यांना अभयारण्याची हद्द कळत नाही, त्यांना आजूबाजूची गायरानं आणि पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनी तितक्याच लागतात. त्या 'पडीक' शब्दाने माळाचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळानेही केलं नसेल. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, चर खणा, प्लॉट पाडा. माळावर झाडं लावली की माळाचे पक्षी जातात, ते झाडांवर बसणारे नाहीत.

ऑक्टोबरात कुसळी गवत पिकून तांबूस झालेलं असतं. मोज्यांत कुसळं शिरतात, ती काढत बसण्याची तयारी ठेवा. डोंबारी आणि मोरचंडोल हे छोटे पक्षी पायवाटेवरच असतात. धाविक दिसला तर गाडीतून उतरू नका, गाडीला तो भीत नाही, माणसाला भितो. सप्टेंबरअखेरीपासून भोवत्ये येतात. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातले हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचलून डुलत उडतात. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी, आणि माँटेग्यूचा की पांढुरका हे माद्यांमध्ये ठरवणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. खात्री नसेल तर वहीत नुसतं 'भोवत्या' लिहा. अशी अर्धी नोंद खोट्या पूर्ण नोंदीपेक्षा कामाची. संध्याकाळी सूर्य टेकताना ते एकेक करून ठरलेल्या गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात. ती जागा सापडली तर लांबूनच मोजा, आणि जागेचं नाव कुठेही लिहू नका. फोटोसाठी गाड्या गवतात घातल्या की थवा जागा सोडतो.

शेतांकडेही लक्ष ठेवा. बाजरी पिकते तेव्हाच भोरड्या येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, पण आत्ता येणारी बहुतेक पोरं, नुसती मातकट. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, आणि त्याचा राग खराच असतो, थवा उतरला तर कणसं उरत नाहीत. त्याच भोरड्या नाकतोडेही फडशा पाडून खातात. बांधावरच्या आजोबांशी बोला. "भोरड्या कधी पडल्या?" या प्रश्नाचं जेवढं नेमकं उत्तर ते देतात तेवढं कुठल्या यादीत मिळत नाही. दिवाळीनंतर ज्वारी उभी राहिली की काळ्या डोक्याचे भारीट येतील, तेही त्यांनाच आधी दिसतात.

सिंहगडाच्या पायथ्याची, आतकरवाडीच्या बाजूची दरी सगळे सांगतात. चांगलीच जागा आहे. स्वर्गीय नर्तक ऑक्टोबरात तिथे असतो, नीलांग थोडा उशिरा. फक्त रविवार टाळा. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहू नका. दूरवरून थकून आलेला पक्षी खायचं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो. वरच्या कड्यांवर आग्या मोहोळं आहेत, तिथे अत्तर लावून जाऊ नये आणि धूर करू नये. गवतात चालताना घोटे झाकणारे बूट घाला. घोणस याच दिवसांत गवतात असते.

साधनांबद्दल विचारलं नव्हतंत, तरी दोन वाक्यं. ८×४२ची दुर्बीण पुरते. कॅमेरा पहिलं वर्षभर घेऊ नका, तो घेतला की माणूस पक्ष्याकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघतो.

सोबत हवी असेल तर पक्षी सप्ताह गाठा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. २०२० पासून राज्य सरकार या आठवड्यात पक्षी सप्ताह पाळतं, आणि पुण्यात ठिकठिकाणी सकाळच्या फेऱ्या निघतात. अनुभवी माणसाच्या मागे एक सकाळ चाललात तर वरचे तीनही आवाज पक्के होतील. त्यापुढे, नोव्हेंबरअखेरीला लोणावळ्याच्या पठारांवर अमूर ससाणे बघायला जा. २०१३ साली नागालँडमध्ये उपग्रह-टॅग लावलेल्या तीन ससाण्यांच्या प्रवासातून त्यांचा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जाण्याचा मार्ग नीट कळला. ते थव्याने येतात, दोन-चार दिवस थांबतात आणि समुद्रावर जातात.

नोंद कशी करायची तेही सांगून टाकतो. तारीख, वेळ किती ते किती, जागा, आणि दिसलेले सगळे पक्षी, कावळा-पारव्यासह. फक्त 'विशेष' पक्षी लिहिलेत तर त्या दिवशी काय नव्हतं ते कधीच कळत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं असेल तरी हीच पूर्ण यादी टाका.

पहिली तारीख पकडणं सोपं असतं, पक्षी दिसला की लिहिली. शेवटची तारीख त्या दिवशी कळतच नाही. तुमची थिरथिरा मादी साधारण मार्चअखेरपर्यंत त्याच गच्चीवर राहील, बहुधा त्याच कठड्यावर. ती कधी गेली हे लिहायचं असेल तर मार्चमध्ये रोज सकाळी 'आहे' असं लिहीत राहावं लागेल. सलग आठ दिवस 'नाही' लिहिलंत की मागे जाऊन शेवटच्या 'आहे'भोवती गोल करा. आणि पुढच्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून कठड्याकडे पुन्हा बघायला लागा.